गाठीच्या काठावर

गाठीच्या मध्यभागात मला आता रस उरलेला नाही. तिथे केरॅटिनचे मोती असतात, पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात, निदान लो पॉवरवरच होऊन जातं. गालाच्या आतल्या कॅन्सरची स्लाइड आली की मी स्टेज सरकवत थेट काठावर जातो, गाठ जिथे स्नायूत शिरते तिथे. त्या भागात पेशी एकेकट्या सुटलेल्या दिसतात, फार तर तीन-चार मिळून. आम्ही त्यांना 'बड्स' म्हणतो. रोग मानेतल्या लिम्फ नोडपर्यंत जाईल का, याचा अंदाज बांधायला ही फुटकळ मंडळी उपयोगी पडतात.

अडचण अशी की सुटलेली पेशी लांबट होते आणि शेजारच्या फायब्रोब्लास्टसारखी दिसू लागते. फायब्रोब्लास्टही कमी नाहीत. आजूबाजूला सूज असली की त्यांचं केंद्रक फुगतं, गडद होतं आणि तेच कॅन्सरसारखे वाटू लागतात. यातला चोर कोण आणि साव कोण, हे मी नुसत्या एच अँड ई या रोजच्या स्टेनवर सांगतो असा आमच्या विभागात माझा लौकिक आहे. तो पसरला त्याला माझा हातभार होता, हेही सांगून टाकतो. मल्टीहेड मायक्रोस्कोपभोवती रेसिडेंट जमले की मी मुद्दाम अशीच पेशी शोधायचो.

ज्या खुणांवरून मी पेशी ओळखतो, नेमक्या त्याच ती निघताना टाकून देते. २००० साली दोन संशोधक गटांनी दाखवलं, की स्नेल नावाचं प्रथिन ई-कॅडहेरिनच्या जनुकाच्या प्रमोटरवर बसून ते जनुक गप्प करतं. ई-कॅडहेरिन गेलं की पेशींची आपसातली पकड सुटते. स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब ही सगळी मूळची गर्भाच्या घडणीतली माणसं. गर्भात पेशींना जागा सोडून दुसरीकडे जावं लागतं तेव्हा ती कामाला लागतात. कॅन्सरची पेशी ती पुन्हा उठवते. यासाठी डीएनएमधलं एक अक्षरही बदलावं लागत नाही, त्यामुळे परतीची वाट उघडी राहते. झेब आणि एमआयआर-२०० हे छोटे आरएनए एकमेकांना दाबत असतात. पारडं एकदा इकडे झुकतं, एकदा तिकडे. म्हणून तर मानेतला नोड कापला की आत पुन्हा केरॅटिनचे मोती आणि घट्ट बसलेल्या पेशी दिसतात, जणू मधला प्रवास झालाच नाही.

आम्हा पॅथॉलॉजिस्टांना हे प्रकरण बरीच वर्षं पटत नव्हतं. २००५ मध्ये आमच्याच पंथातल्या डेव्हिड टॅरिन यांनी कॅन्सरमधलं हे रूपांतर म्हणजे भ्रम आहे अशा अर्थाचा खरमरीत लेख लिहिला. मी त्याच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. बशीत वाढवलेल्या पेशी काय वाटेल ते करतील, माणसाच्या गाठीत मला दाखवा, हा आमचा हेका.

माझी एक विद्यार्थिनी रिपोर्टिंग सोडून जनुकांच्या लॅबमध्ये गेली. चांगली नजर वाया गेली, असं मी चारचौघांत बोललो. ती परवा आली ती २०१७चा एक शोधनिबंध घेऊन: तोंडाच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या जवळपास ६,००० पेशी, प्रत्येकीचा आरएनए वेगळा वाचलेला. त्याआधी सगळी गाठ मिक्सरमधून काढल्यासारखी एकत्र वाटून वाचत. त्या वाटणातून निघालेला 'मेसेन्कायमल', म्हणजे रूपांतर झालेला, उपप्रकार बऱ्याच अंशी गाठीतल्या फायब्रोब्लास्टांचा आवाज होता, हे या निबंधाने दाखवलं. मला उकळ्या फुटल्या. इतकी महागडी यंत्रं, आणि फसली ती आमच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसारखी!

तिने मला फार वेळ खूश राहू दिलं नाही. निबंधाचा दुसरा भाग असा की काठावरच्या पेशींत खरोखर बदल होतो, पण अर्धाच. व्हायमेंटिन येतं, लॅमिनिन-५ची गॅमा-२ साखळी येते, स्लग असतं. झेब मात्र नाही, आणि केरॅटिनही टिकून राहतं. "म्हणजे माझा पॅनसायटोकेरॅटिन स्टेन पुरतो," मी म्हणालो. ती म्हणाली, "सर, पूर्ण बदललेली पेशी तुम्हाला दिसत नाही, कारण ती नसते? की तुमच्या स्टेनला ती दिसूच शकत नाही?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. उंदरांतही तोच पेच पडला. २०१५ मध्ये दोन गटांनी लिहिलं की मेटास्टेसिसला हे रूपांतर लागतच नाही; त्यांतल्या एका गटाने एका ठरावीक जनुकाच्या खुणेवरून पेशींचा माग काढला होता. टीकाकार म्हणाले, ती खूण सगळ्या बदलत्या पेशींवर उमटतेच कुठे? माझ्या फॉर्मालिनचं दुखणं आणखी वेगळं. पेशी निघाली होती की परतत होती, हे थिजलेल्या पेशीला विचारता येत नाही.

आणि नमुने घेण्याची आपली पद्धत! मार्जिन बिघडू नये म्हणून टिश्यू बँकेला तुकडा द्यायचा तो गाठीच्या मध्यभागातला. ग्रॉसिंग करणाराही छान पांढरा, घट्ट भाग ब्लॉकमध्ये घालतो आणि काठावरचा बराचसा भाग बादलीत राहतो. हल्लीचे रेसिडेंट चौकटींत टिकमार्क करून मोकळे होतात. खोली किती मिलिमीटर हे चोख, पण काठावर रेंगाळायला वेळ कुणाला आहे?

काठावर रेंगाळण्याचा हा छंद नुसता छंद असता तर गोष्ट वेगळी. टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतले नोड आधीच काढून टाकलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. त्यामुळे आता मान उघडतातच, आणि उघडलेल्या बहुतेक मानांतले नोड स्वच्छ निघतात. ते रिपोर्ट मीच सही करतो. त्या शस्त्रक्रियेमुळे खांदा नीट वर न जाणारा तंबाखूवाला माणूस नंतर ओपीडीत दिसतो. त्या अर्धवट बदललेल्या पेशींचं प्रमाण आणि नोडमधला रोग यांचा संबंध २०१७च्या त्या निबंधाने दाखवला आहे, पण तेवढ्यावर कुणाची मान सोडून द्यायची माझी छाती नाही.

लॅमिनिनची अँटिबॉडी मागवली आहे. काठावर लॅमिनिन रंगतं हे आमच्याच लोकांनी नव्वदच्या दशकात पाहिलं होतं, हे मी त्या विद्यार्थिनीला दोनदा ऐकवलं. जुने ब्लॉक काढून ठेवलेत. ठरलं असं आहे की आधी मी एच अँड ईवर पेशींना खुणा करायच्या, मग ती स्टेन लावणार. कोणत्या केसेस घ्यायच्या ते मीच निवडतो म्हणालो, तर नको म्हणाली.