उतारवयातले मॉरिशस

वाचकहो, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने परदेशप्रवासाचे नाव काढले की घरात हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "आता कशाला ही दगदग?" दुसरा म्हणतो, "आता नाही तर केव्हा?" आमच्याकडेही तेच झाले. माझे यजमान ७४ वर्षांचे. रक्तदाब जुना, हृदयाची ताकद थोडी उणावलेली, त्यासाठी रोज सकाळी लघवीची गोळी आणि जोडीला प्रोस्टेटचा त्रास. मी ६८ वर्षांची. माझे गुडघे पायऱ्या दिसल्या की कुरकुरतात. तरीही लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आम्ही दोघे मॉरिशसला आठ दिवस जाऊन आलो. त्या प्रवासात जे नीट जमले आणि जे चुकले, ते दोन्ही आपल्यापुढे ठेवावे म्हणून हे लिहीत आहे.

मॉरिशसच का, असे अनेकांनी विचारले. यजमान मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि नोकरी मुंबईच्या गोदीत. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध मजूर मॉरिशसला गेले. त्यांची गलबते कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबईहूनही सुटत आणि मुंबईहून जाणाऱ्यांत आपल्या कोकणातली माणसे होती. यजमानांच्या आजोबांचे एक चुलते असेच गलबतावर चढले, ते परतलेच नाहीत. कोणत्या बेटावर गेले, हेही घरात कोणास ठाऊक नाही. परंतु ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तो एकदा पाहावा, ही यजमानांची इच्छा फार जुनी होती.

प्रथम ऋतूविषयी. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. त्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. मे ते ऑक्टोबर हा काळ सौम्य व कोरडा. नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचा. वयस्करांनी पहिला काळच निवडावा. आम्ही सप्टेंबरात गेलो. या दिवसांत आग्नेयेकडून वारे वाहतात, म्हणून बेटाचा पूर्व किनारा वाऱ्याचा असतो, पश्चिम किनारा शांत. एक गंमत ध्यानात ठेवावी: दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य बहुधा उत्तरेकडे असतो. सज्जा उत्तरेला असेल तर ऊन आत येणार. किनारा उबदार असला, तरी क्युरपिपसारखी मधल्या पठारावरची गावे थंड आणि पावसाळी असतात. एक स्वेटर व एक छत्री जवळ असलीच पाहिजे.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आम्ही औषधांची यादी त्यांच्याकडून छापील करून घेतली. तीत कंपनीने दिलेल्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ होती, कारण कंपन्यांची नावे देशागणिक बदलतात. या यादीचा पुढे फार उपयोग झाला. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त घ्यावीत आणि ती सगळी हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन तर विमानाच्या मालकक्षात कदापि देऊ नये. तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. झोपेच्या, मन शांत करणाऱ्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांवर मॉरिशसमध्ये कडक नियंत्रण आहे. काहींसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. अशी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या वकिलातीकडे चौकशी करावी. प्रवासविमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेला आजारच नेमका उद्भवला, तर विम्याचा कागद कामास येत नाही.

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. वेळेचा फरक केवळ दीड तासाचा, त्यामुळे गोळ्यांचे वेळापत्रक फारसे विस्कटत नाही. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात कमीपणा मानू नये. विमानतळावरच्या लांबच लांब वाटांमध्ये निम्मी शक्ती खर्ची पडते. इतका वेळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून तासातासाने घोटे वरखाली हलवावेत, जमेल तेव्हा उठून चार पावले टाकावीत. येथे एक जागा आवर्जून मागून घ्यावी, ती मार्गिकेच्या कडेची. ही जागा मी मागितली नव्हती. यजमान खिडकीपाशी बसले आणि सहा तासांत एकदाच उठले. मला वाटले, त्यांना ढग पाहण्यात रस आहे.

मुक्काम आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक आँ फ्लाक या गावी एकाच ठिकाणी केला. दर दोन दिवसांनी सामान बांधणे या वयात सोसत नाही. हे बेट लहान आहे. एका जागी राहून सारे पाहता येते. खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, फरशी घसरडी तर नाही ना, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. विजेचे सॉकेट बहुधा ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी खिळ्यांचे असते. तसा जोड जवळ नसेल तर रक्तदाब मोजायचे यंत्र भारित होणार नाही.

आता चुकीकडे येते. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले. वेळापत्रक आखणे माझ्या हाडीमासी खिळले आहे. आठ दिवसांचे कोष्टक मीच आखले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगा तलाव, तेथून शामारेलची सप्तरंगी माती, मग धबधबा आणि परतताना बाजार. गंगा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे गार वारे होते. शामारेलचा रस्ता वळणावळणाचा. यजमान गाडीत गप्प होते. मी पाण्याची बाटली पुढे केली की "नंतर घेतो" म्हणत. धबधबा पाहण्यासाठी गाडीतून उतरले, दोन पावले चालले आणि कठड्याला धरून हळूहळू खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळाला घाम. वाहनचालकाने व मी त्यांना सावलीत आडवे करून पाय उंच केले. ती पाच मिनिटे मी कशी काढली, ते लिहिता येणार नाही.

जवळच्या गावातील दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी निजलेल्या अवस्थेत आणि मग उभे करून मोजला. उभे राहताच तो बराच घसरत होता. औषधांची यादी वाचून त्यांनी एकच प्रश्न केला, "आज सकाळपासून पाणी किती प्यायलात?" यजमान माझ्याकडे पाहू लागले. मग खाली मान घालून म्हणाले, "अर्धा पेला."

खोलीवर आल्यावर सारे उलगडले. लघवीची गोळी सकाळी घ्यायची आणि दिवसभर गाडीत बसायचे. वाटेत सोय कोठे असेल, ठाऊक नाही. चालकाला पुन्हापुन्हा थांबायला सांगायची लाज. म्हणून त्यांनी पाणीच सोडले होते. विमानातही तेच. "मला का नाही सांगितलंत?" मी विचारले. "अगं, तू इतकं हौसेनं सगळं आखलंस. माझ्यामुळे तुझा विरस व्हायला नको," ते म्हणाले. खरे सांगायचे, तर मीही लपवले होते. माझे गुडघे दुसऱ्याच दिवशी सुजले होते आणि मी त्यांच्या नकळत दुप्पट मलम चोळत होते. पंचेचाळीस वर्षे एकत्र काढलेली दोन माणसे एकमेकांना जपण्यापायी एकमेकांपासून आजार लपवत होती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ बाहेर पडताना असेच पाणी तोडतात, याची मला खात्री आहे. समारंभाला जाताना, एसटीने गावी जाताना, आपण हे वर्षानुवर्षे करत आलो. घरी ते निभावते. परक्या हवेत, लघवीची गोळी चालू असताना, निभावत नाही. वारा असेल तर घाम जागच्या जागी सुकतो आणि शरीरातून पाणी जात आहे, हे कळतही नाही. वयोमानाने तहानही मंद झालेली असते. त्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मी येथे मुद्दाम नमूद करते. भटकंतीच्या दिवशी लघवीची गोळी सकाळऐवजी परतल्यावर दुपारी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा तिची वेळ बदलू नये. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दिवसाला पाणी किती, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. अशा रुग्णाला कमी पाण्याइतकेच अधिक पाणीही बाधते. तेवढे पाणी बाटलीत मोजून घ्यावे आणि घोटाघोटाने दिवसभरात संपवावे. बसल्या जागेवरून उठताना आधी पाय हलवावेत, क्षणभर थांबावे, मग उभे राहावे.

त्या रात्री मी कोष्टक फाडले. पुढचा नियम साधा होता: दिवसाला एकच ठिकाण, सकाळी दहाच्या आत निघणे, दुपारी विश्रांती. चालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, "दर तासाला, सोय असेल तेथे थांबायचे." आमच्या चालकाने ते इतक्या सहजपणे स्वीकारले की आपण उगीच लाजत होतो, असे वाटले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताच तो स्वतःच पुढच्या थांब्याचे नाव सांगू लागला.

समुद्राविषयी दोन शब्द. बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे, म्हणून आतले पाणी शांत व उथळ असते. दक्षिणेकडे ग्रि ग्रि येथे तो बांध नाही. तेथे लाटा दुरून पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. उथळ पाण्यातही अनवाणी चालू नये. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी पडून असतो. त्याचा काटा रुतला तर असह्य वेदना होतात. तसे झाल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि तातडीने दवाखाना गाठावा. मधुमेही मंडळींच्या पायांची संवेदना कमी असते, तेव्हा पाणी किती गरम आहे, हे दुसऱ्याने हात घालून पाहावे. रुग्णवाहिकेसाठी ११४ हा क्रमांक आहे. तो मी कागदावर लिहून यजमानांच्या खिशात ठेवला होता. डास चावू नयेत म्हणून लांब बाह्यांचे कपडे आणि मलम वापरावे. डेंग्यू व चिकुनगुनिया तेथेही होतात.

खाण्याची चिंता मात्र नको. रस्त्यावर मिळणारी दाल-पुरी आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणावी अशी, मऊ आणि दातांना सोपी. तिच्यासोबतच्या लोणच्यात मीठ फार असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ते बाजूला सारावे. फालुद्यासारखे 'आलुदा' नावाचे पेय मिळते. मधुमेही मंडळींनी दोघांत एक पेला पुरवावा.

सहाव्या दिवशी आम्ही पोर्ट लुई या राजधानीत आप्रवासी घाटावर गेलो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज ३६ मजुरांना घेऊन या बेटावर पोहोचले आणि पुढे सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर आली. २००६ साली युनेस्कोने या जागेस जागतिक वारशाचा दर्जा दिला. बंदराच्या कडेला, रहदारीच्या रस्त्यालगत थोड्याशा दगडी भिंती आणि १६ पायऱ्या, एवढेच उरले आहे.

आत शिरताच यजमान मला म्हणाले, "अगं, इथं सोय कुठे आहे ते आधी विचारून घे. मग निवांत बसू." एवढे बोलायला त्यांना पंचेचाळीस वर्षे आणि सहा दिवस लागले. मी विचारून आले. मग घडीच्या स्टुलावर बसून, बाटलीतले पाणी घोटघोट पीत, ते कितीतरी वेळ त्या पायऱ्यांकडे पाहत राहिले. चढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही आणि मीही घाई केली नाही. त्या दिवशी दुसरे काहीच पाहायचे नव्हते.

वाचकहो, बेटे सुंदर असतात. त्यांची वर्णने आपणांस कोठेही वाचावयास मिळतील. आपण स्वतः प्रवासाला निघाला असाल, तर आपली अडचण सोबतच्या माणसाला आदल्या दिवशीच सांगा. आणि आपण कोणास घेऊन निघाला असाल, तर सामान बांधण्यापूर्वी शेजारी बसून हलक्या आवाजात विचारा, "प्रवासात तुम्हाला भीती कशाची वाटते?" पहिले उत्तर "कशाचीच नाही" असेच येईल. थोडे थांबून पुन्हा विचारा.