‘असेच होते’ की ‘असे झाले’?

२०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘डिअर एक्स’ या कोरियन मालिकेची चर्चा आमच्या ट्रॉम्बेच्या दवाखान्यातील बाकांपर्यंत पोहोचली आहे. नातवंडांच्या मोबाइलवर आजी-आजोबाही ती पाहतात. किम यू-जंग हिने साकारलेली नायिका बेक आ-जिन ही रूपवान, मधुरभाषी आणि यशस्वी अभिनेत्री. दुसऱ्याच्या वेदनेची मात्र तिला जाणीव नाही. माणसे ही तिच्या लेखी शिडीच्या पायऱ्या. आमच्या पिढीला असा धक्का १९९७ च्या ‘गुप्त’ने दिला होता. काजोलने रंगवलेली लाघवी तरुणीच त्यात खुनी निघते. या भूमिकेसाठी फिल्मफेअरचे खलभूमिकेचे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

मालिकेविषयी माझी तक्रार नाही. चिंता वाटते ती तिच्यासोबत घरात शिरलेल्या ‘सोशिओपॅथ’ या शब्दाची. मध्यंतरी एका सूनबाईंनी आपल्या सासऱ्यांविषयी तोच शब्द वापरला. सासरे साठीचे, आयुष्यभर मृदू स्वभावाचे, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारे. गेल्या दीड वर्षात मात्र सारे पालटले होते. सख्खा भाऊ गेल्याची वार्ता आली, तेव्हा ते निर्विकारपणे पेढे खात बसले. आजारी पत्नीची विचारपूस नाही, परक्यांसमोर काय बोलावे याचा पोच नाही. स्मरणशक्ती मात्र शाबूत. ‘‘डॉक्टर, बाबा अगदी त्या मालिकेतल्या मुलीसारखे झालेत.’’

त्या ‘झालेत’मध्येच उत्तर दडलेले होते. वैद्यकशास्त्र ज्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणते, त्याची चिन्हे वयाच्या १५ वर्षांपूर्वीच दिसू लागतात. निदान १८ वर्षांनंतर होते. साठ वर्षे मायाळू असलेला माणूस अचानक या विकाराचा बळी होत नाही. अशा वेळी संशय घ्यावा तो मेंदूच्या आजाराचा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियामध्ये मेंदूचा पुढचा आणि कानशिलांलगतचा भाग झिजतो. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. आरंभी विसराळूपणा नसतो; सहानुभूती आटते, ताळतंत्र सुटते, गोडाची हाव वाढते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आ-जिन स्वार्थासाठी मायेचे सोंग बेमालूम वठवते; या रुग्णाला सोंगही वठवता येत नाही आणि त्याच्या कोरडेपणातून त्याला काही मिळतही नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांच्या तपासणीत सासऱ्यांचे निदान हेच ठरले. हा आजार बरा करणारे औषध आज नाही. तरीही घरातील वातावरण निवळले. सासूबाईंच्या मनातील ‘यांना माझी किंमत उरली नाही’ हे शल्य बोथट झाले.

शुश्रूषा करणाऱ्यांनी बदल केव्हापासून जाणवला, याची नोंद ठेवावी. तो एक-दोन दिवसांत झाला असेल, तर जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नवे औषध कारणीभूत असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. महिनोन्‌महिने वाढत गेला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रुग्णाशी वाद घालू नये. बँकेचे व्यवहार विश्वासू कुटुंबीयाच्या देखरेखीखाली ठेवावेत. आणि शुश्रूषा करणाऱ्यानेही रोज थोडी विश्रांती घ्यावी, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

मालिका अवश्य पाहा. मात्र घरातील ज्येष्ठाला तिच्यातले विशेषण चिकटवण्यापूर्वी स्वतःला विचारा: हे पहिल्यापासून असेच होते, की असे झाले? ‘झाले’ असे उत्तर आले, तर दोष स्वभावाला देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या.