फोन त्याचा, मर्जी त्याची?

गेल्या दिवाळीत अक्काकडे किरनापुरला गेले होते. तिच्या मुलाचं तिथं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी बसले असताना एक गिऱ्हाईक जुना फोन घेऊन आलं. "याचा आयएमईआय नंबर बदलून दे, ५०० देतो."

दोन महिन्यांचं दुकानभाडं थकलेलं. भाचा हळूच म्हणाला, "मावशी, फोन त्याचा, मर्जी त्याची. गुन्हा कसला?"

बेळगावात मी वकिलांकडे टायपिंग केलंय. हैदराबादचं प्रकरण आठवलं. एका कंपनीचे सवलतीतले फोन आतला क्रमांक बदलून दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालवले गेले, असा आरोप होता. अशी फेरफार आयटी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा ठरू शकते, असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं २००५ साली म्हटलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

काच बदल, बॅटरी बदल, कुणी हरकत घेणार नाही. पण चोरीला गेलेला फोन त्या नंबरावरूनच सापडतो. तो पुसला, तर मूळ मालकानं काय करायचं?

आमच्या आईसारखंच मी म्हणाले, "ब्याडप्पा!"

त्यानं फोन परत केला. गिऱ्हाईक बडबडत गेलं. भाडं त्या महिन्यातही थकलंच. पण रात्री पोरगं पोटभर जेवलं.