रस्त्यावरचे रूळ

आम्ही हुपरीचे. पैंजणांच्या या गावाला रेल्वेने कधी पाय लावला नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग आला, तो हातकणंगल्यावरून निघून गेला. हुपरीकर आजही एस.टी., वडाप आणि दुचाकी यांच्याच भरवशावर आहेत. तेव्हा शहरांत 'लाइट रेल', म्हणजे रस्त्याच्या पातळीवरून धावणारी हलकी विजेची गाडी, असावी की नसावी, या चर्चेत आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की ज्याला गाडीची वाट पाहत उभे राहावे लागते, त्यानेच या विषयावर आधी बोलावे.

हे वाहन आपल्याला नवे नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जात असे. झवेरी बाजाराशी नाते असलेल्या आम्हां चांदीवाल्यांना तो उगाचच आपला वाटतो. १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम निघून गेली.

ट्रामचे गुण साधे आहेत. ती रस्त्यावरच थांबते. जिना चढावा लागत नाही. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याचे मोल विचारावे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अल्प शक्तीत फिरते, रस्त्यात धूर होत नाही, डबे जोडले की एकच चालक पुष्कळ माणसे नेतो. आणि भुयारी वा उन्नत मेट्रोपेक्षा खर्चही कमी. शिवाय बसचा मार्ग उद्या बदलेल, रूळ मात्र सहजासहजी उचलले जात नाहीत. त्या विश्वासावर माणसे घर घेतात, दुकान थाटतात.

परंतु जो गुण, तोच दोष. पैंजणातील एक कडी निखळली की सारा पैंजण पायातून गळतो. तशी एक ट्राम अडली की मागच्या साऱ्या अडतात, कारण बाजूने वाट काढणे त्यांना ठाऊक नाही. रूळ टाकताना रस्ता महिनोन्‌महिने खणला जातो. आणि पुरेसे उतारू नसतील, तर तो खर्च गावाच्या मानेवर बसतो.

रस्ता टाळून खांबांवर चढावे, तर मुंबईची मोनोरेल डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती चेंबूर ते वडाळा सुरू झाली, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. पण अपेक्षेइतके उतारू तिला कधी लाभले नाहीत. १९ ऑगस्ट २०२५ रोजी भर पावसात ती अधांतरी अडकली, शेकडो प्रवाशांना शिड्या लावून उतरवावे लागले, आणि २० सप्टेंबरपासून सेवा थांबविण्यात आली.

उलट फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहराने १९९४ साली ट्राम पुन्हा आणली, ती शहराच्या मध्यातून मोटारी हटवून. जागा दिली, म्हणून गाडी वेळेवर धावली.

सारा प्रश्न येथेच आहे. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर उद्या रूळ टाकायचे ठरले, तर आपली मोटार कोण बाहेर ठेवील? दुकानापुढची जागा कोण सोडील? सर्वांना ट्राम हवी, पण ती शेजाऱ्याच्या दारातली जागा घेऊन, असेच जर असेल, तर ती ट्राम मोटारींच्या गर्दीत उभीच राहील.

हुपरीसाठी आम्ही रूळ मागत नाही. तेवढी वर्दळ आमची नाही. घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बाईला सी.पी.आर. रुग्णालयात जाऊन दिवेलागणीपूर्वी परतता येईल, अशी ठरल्या वेळेची बस आम्हांला पुरे. मोठ्या शहरांनी रूळ जरूर टाकावेत. मात्र रुळांचा खर्च मोजण्याआधी, रस्त्यावरची आपली किती जागा सोडायची तयारी आहे, हे प्रत्येक घराने स्वतःशी मोजावे.