कुलूप उघडणारी सहल

मुलांनो, तुमच्या शाळेत कायम कुलूपबंद असलेलं एखादं कपाट आहे का? आमच्या शाळेत होतं. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे आमची छोटीशी जिल्हा परिषदेची शाळा आहे. ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट, आणि त्यात विज्ञानाची पेटी. भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तापमापक, स्पिरिटचा दिवा असं सगळं त्यात होतं. पण या वस्तूंची नोंद 'डेडस्टॉक' नावाच्या जाड वहीत असते. वस्तू फुटली की त्या वहीला उत्तर द्यावं लागतं. म्हणून काय व्हायचं, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि विज्ञान फळ्यावर!

एकदा मात्र मी भिंग वर्गात आणलं. चौथीतल्या एका मुलाने ते माझ्या टेबलावरून उचललं आणि तो मुंगळा बघायला व्हरांड्यात पळाला. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंड्या म्हणू. दोनच मिनिटांत 'टक्' असा आवाज आला. भिंग फरशीवर पडलं होतं आणि त्याचा मोठा टवका उडाला होता.

मी खूप रागावले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "पुन्हा कशाला हात लावायचा नाही!"

बंड्या काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या टेबलाजवळ आला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मला ते दिसत होतं. पण मी मनात म्हणायचे, चला, शिस्त लागली!

ही गोष्ट २०२३ ची. पुढच्याच जानेवारीत आमची सहल निघाली. दरवर्षी आम्ही शनिवारवाडा नाहीतर सिंहगड करतो. या वेळी ठरलं, पुण्याच्या विद्यापीठातल्या 'आयुका'मध्ये जायचं. पालकसभेत एक आजोबा म्हणाले, "बाई, तिथं बघायला काय हाय?" खरं सांगायचं तर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. परवानगीचं पत्र आलं, सवलतीची एस.टी. मिळाली आणि बेचाळीस मुलं, चार आया आणि आम्ही दोघं शिक्षक निघालो.

दिवे घाटातून उतरताना खाली मस्तानी तलाव दिसला. हडपसरला गाडी गर्दीत अडकली. पुढे गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचं काम चाललेलं. तोवर निम्मे डबे गाडीतच संपले होते!

कुंडातले चार पाहुणे

'आयुका' हे फार लांबलचक नावाचं छोटं रूप. तारे, आकाशगंगा, विश्व यांचा अभ्यास करणारी ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. त्यांच्या विज्ञानकथा तुम्ही वाचल्या असतील. नसतील तर ग्रंथालयात जाऊन आधी त्या मागा. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. त्यांची एक गोष्ट सांगते. सही मागायला मुलं आली की ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेलच. म्हणजे सही हवी तर आधी डोकं चालवा!

आत एक मोकळा चौक आहे, त्याला कुंड म्हणतात. तिथे चार पुतळे आहेत: आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाईन. जवळच इमारतीत एक लांब लोलक टांगलेला आहे. मुलांना वाटलं, देवळातल्या घंटेसारखा आहे, त्यात काय बघायचं? पण त्याची गंमत ऐका. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसमध्ये असा लोलक टांगून लोकांना चकित केलं होतं. लोलक आपल्या रेषेत झुलत राहतो, पण खालची पृथ्वी फिरत असते. म्हणून झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. उत्तर ध्रुवावर हा फेरा साधारण एका दिवसात पुरा होतो. विषुववृत्तावर दिशा मुळीच वळत नाही. आपलं पुणं मध्ये, म्हणून इथे पूर्ण फेऱ्याला सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तीन दिवसांहून थोडं जास्त.

तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, आत्ता आपण पण फिरतोय?" आणि तिने शेजारणीचा हात घट्ट धरला.

पुलस्त्य

यानंतर गेलो ते खास मुलांसाठीच्या इमारतीत. तिचं नाव मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या निधीतून ती उभी राहिली. म्हणून इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचं नाव पुलस्त्य आहे, आणि त्यात 'पुल' पण आले! पु.लं.ना ही कोटी नक्की आवडली असती.

मी मनात धास्तावले होते. इतकी मोठी संस्था, म्हणजे केवढी महागाची यंत्रं असतील! मुलांना बाहेरच दम दिला, "कशालाही हात लावायचा नाही."

आत गेलो आणि बघते तर काय! टेबलावर काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, जुन्या बाटल्या, झाकणं, वर्तमानपत्रं आणि सरबताच्या जुन्या, धुऊन ठेवलेल्या नळ्या. आमच्या गावात जे उकिरड्यावर टाकतात, ते इथे मांडून ठेवलेलं! तिथल्या ताई हसून म्हणाल्या, "बसा. आणि सगळ्याला हात लावा."

आधी काड्यांचं काम झालं. टोकाचं गुल खरवडून टाकायचं. व्हॉल्वच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यात दोन बाजूंनी दोन काड्या खुपसायच्या. झाला सांधा! चार काड्यांचा चौकोन केला आणि कोपरा दाबला की तो तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबा, आकार बदलत नाही. "आता सांगा," ताईंनी विचारलं, "विजेच्या मनोऱ्यात आणि लोखंडी पुलात इतके त्रिकोण का असतात?" भूमितीचा हा धडा मी कितीदा फळ्यावर काढला होता. पण मुलांच्या बोटांना तो त्या दिवशी कळला.

मग पिपाणी. नळीचं एक टोक दातांनी दाबून चपटं करायचं, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं, ते ओठांत धरून जोरात फुंकायचं. सगळीकडे पॅं पॅं सुरू झालं. बंड्या मात्र हात पाठीमागे बांधून उभा.

ताईंनी त्याच्या हातात नळी दिली. त्याने कापली, पण फाटली. त्याने ती पटकन मुठीत लपवली आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही.

ताईंनी हळूच मूठ उघडली. "फाटली होय? छान झालं. आता फाटलेली आणि वाजणारी शेजारी ठेव. फरक काय आहे ते तूच मला सांग." बंड्याने बराच वेळ निरखलं. "हिची जीभ एकाच बाजूनं उरलीया," तो म्हणाला. दोन्ही जिभा एकमेकींवर थरथरल्या तरच आवाज निघतो, हे त्याने स्वतःच शोधलं. दुसरी पिपाणी वाजली. मग त्याने वाजवता वाजवता तिचं दुसरं टोक थोडं थोडं कापायला घेतलं. नळी आखूड होत गेली तसा आवाज बारीक होत गेला. आतला हवेचा खांब जितका आखूड, तितका स्वर वरचा. बासरी आणि सनई याच तत्त्वावर वाजतात.

मी मागे उभी होते. आणि आता माझेच हात पाठीमागे बांधलेले होते!

या काड्या आल्या कुठून?

मुलांनो, या टाकाऊ सामानाची गोष्ट मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी देशांतल्या शाळा जमीनदोस्त झाल्या. प्रयोगशाळाच नाहीत, तर शिकवायचं कसं? तेव्हा स्टीफन्सन नावाच्या इंग्रज शिक्षकाने साध्या वस्तूंपासून उपकरणं कशी करावीत, यावर पुस्तिका लिहिली. १९४८ साली युनेस्कोने ती छापली. पुढे १९५६ मध्ये तिच्यातूनच विज्ञान शिक्षकांसाठीचं युनेस्कोचं जाड पुस्तक तयार झालं. ते जगभर गेलं.

आपल्या देशात १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला. मुलांनी आधी प्रयोग करायचा, मग उत्तर शोधायचं. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी! कारण उत्तरं त्यात छापलेलीच नव्हती. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तरं द्यायला 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. पुढे हा कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला. २००२ साली तो सरकारने बंद केला, ही वाईट गोष्ट. पण त्यातून उगवलेलं बी वाया गेलं नाही.

त्याचं असं झालं. पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण इंजिनियर होते. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात फिरून त्यांनी स्वस्तातल्या वस्तू गोळा केल्या. त्यातूनच व्हॉल्वची नळी आणि काड्या यांची ही जोडी जमली. नंतर नोकरी सोडून त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. 'पुलस्त्य'मध्ये ते २०१४ पर्यंत कितीतरी वर्षं मुलांसाठी खेळणी करत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाने खेळण्याचं सगळ्यात चांगलं काय करावं, तर ते मोडून बघावं, असं ते नेहमी सांगतात. त्यांच्या संकेतस्थळावर अशा शेकडो खेळण्यांची माहिती आणि खूप पुस्तकं आहेत. मराठीतही आहेत आणि तीही फुकट.

हे ऐकलं आणि मला आमचं हिरवं कपाट आठवलं.

परत आल्यावर

येताना दिवे घाट चढेपर्यंत एस.टी.त बेचाळीस पिपाण्या वाजत होत्या. ड्रायव्हरकाका म्हणाले, "बाई, हॉर्नची गरजच नाही आज!" सासवड आलं तेव्हा बंड्या माझ्या सीटजवळ आला. हात पुढेच होते. त्यात त्रिकोण होता. त्याने विचारलं, "बाई, हे डेडस्टॉकला लिहायचं का?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

सोमवारी मी कपाट उघडलं. टवका उडालेल्या भिंगाच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि ते बंड्याच्या हातात दिलं. आम्ही वर्गाची एकच खिडकी उघडी ठेवली आणि समोरच्या भिंतीजवळ भिंग धरलं. भिंग मागेपुढे करता करता भिंतीवर खिडकीचं चित्र उमटलं. चित्र लहान, उलटं आणि रंगीत! गज उलटे, बाहेरचं कडुलिंबाचं झाडही उलटं.

"पण बाई," बंड्या म्हणाला, "भिंग मोडलंय. मग खिडकी मोडकी का नाही दिसत?"

मी गप्प! इतकी वर्षं भिंग शिकवत होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मी म्हटलं, "मला नाही माहीत. शोधू या." आम्ही अर्ध्या भिंगावर कागद धरला. चित्र तरीही पूर्ण! फक्त थोडं अंधूक. मग रात्री पुस्तकं काढून मीही अभ्यास केला. खिडकीच्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश भिंगाच्या प्रत्येक भागावर पडतो. म्हणून भिंगाचा उरलेला भागही पूर्ण चित्र तयार करतो, फक्त प्रकाश कमी पोचतो.

भिंग शाबूत असतं तर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

आता आमच्या वर्गात मोडक्या वस्तूंसाठी वेगळी पेटी आहे, आणि शेजारी एक प्रश्नांचा डबा. सवालीरामाची आठवण म्हणून आठवड्यातून एकदा तो उघडतो. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. मग आम्ही मिळून शोधतो.

पालकांनो, आणखी एक विनंती. महागडा विज्ञानसंच आणला नाही तरी चालेल. घरातला एक खण 'मोडायला परवानगी' म्हणून मुलांना द्या. जुनं घड्याळ, बंद पडलेला टॉर्च, तारा, झाकणं त्यात टाका. विजेच्या बोर्डाला जोडायची वस्तू तेवढी देऊ नका.

आणि मुलांनो, तुम्ही आजच हे करून पाहा. घरातलं भिंग घ्या. आजोबांचं वाचायचं भिंग असेल तर विचारून घ्या. त्यातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर चित्र पाडा. मग भिंगाचा अर्धा भाग झाका, पाऊण भाग झाका, मधोमध बोट ठेवा. काय काय दिसतं, ते वहीत लिहून ठेवा. आणि बोट ठेवलं तरी चित्रात बोट का दिसत नाही, हा प्रश्न तुमच्या बाईंना विचारा. त्यांनाही येत नसेल तर फारच छान!