काळी काच आणि निमाडचे ऊन

माळव्याच्या पठारावर राहणाऱ्या माणसास आपल्या हवेचा थोडा गर्व असतोच. ‘शब-ए-माळवा’चा उल्लेख झाल्यावाचून आम्हा इंदूरकरांचे उन्हाळ्याविषयीचे संभाषण पुरे होत नाही. बाहेरगावचा पाहुणा कपाळीचा घाम पुसू लागला, की त्यास येथील रात्रींच्या गारव्याच्या गोष्टी ऐकविण्याची संधी आम्ही सहसा सोडीत नाही. हा गर्व जुन्या आग्रा–मुंबई रस्त्याने मानपूरचा घाट उतरेपर्यंत टिकतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि घाटाखालचे नर्मदेचे खोरे दीडशे-दोनशे मीटरांवर. दीड-दोन तासांत माणूस निमाडात उतरतो आणि एका निराळ्याच सूर्याच्या राज्यात येतो. मे महिन्यात खरगोनचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, तर तेथे त्याची कोणी बातमीही करीत नाही.

या वाटेने आमच्या घरची ये-जा गेली तीन वर्षे रात्रीच होत असे. आमच्या वहिनींचे माहेर धुळे. त्यांना ल्यूपस नावाचा विकार जडला, आणि वैद्यांनी ऊन वर्ज्य केले. या रोगात सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर चट्टे आणतात, इतकेच नव्हे, तर दबलेला आजारही उसळवितात. म्हणून सूर्यास्तानंतर निघावे आणि मध्यरात्री पोहोचावे, असा शिरस्ता पडला. परंतु हा घाटाचा रस्ता. मानपूर आणि धामनोदच्या दरम्यानचा गणेश घाट उतारावर ब्रेक निकामी होणाऱ्या मालमोटारींमुळे वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. तेथून रात्री उतरताना दादांचे हात चाकावर कसे आवळलेले असत, ते शेजारी बसणाऱ्यासच ठाऊक. यंदा मे महिन्यात वहिनींच्या भाचीचे लग्न ठरले, मुहूर्त सायंकाळचा. वहिनींच्या वडिलांनी तेवढा एक निरोप धाडला होता, की या खेपेस दिवसा ये, रात्री मला नीट दिसत नाही. तेव्हा मोटारीच्या काचांस काही लावून घ्यावे, असे ठरले.

इंदूरला काचेचे कौतुक नवे नाही. सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या काच मंदिरात भिंती, छत, खांब, जमीन सारे काचेने मढविलेले आहे. तेथे काच प्रकाशाला घरात बोलाविते आणि शंभर ठिकाणी मिरविते. मोटारीच्या काचेकडून मात्र आपली अपेक्षा उलटी असते. तिने प्रकाश आत येऊ द्यावा, पण त्याच्यासोबत येणाऱ्या मंडळींस दारातच अडवावे. ही मंडळी कोण, हे पाहिल्यावाचून बाजारात जाणे म्हणजे दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत बसणे होय.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेचा निम्म्याच्या आसपासचा वाटा डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. त्याहून काहीसा कमी वाटा दृश्य प्रकाशाचा, आणि उरलेले थोडे टक्के अतिनील किरण. काळेपणा अडवितो तो मुख्यतः दृश्य प्रकाश. साधी रंगविलेली काळी फिल्म उष्णता परतवून लावीत नाही, ती शोषून घेते. काच स्वतःच तापते आणि त्या तापाचा भाग आत सोडते. डोळ्यांस सावली दिसते म्हणून गारवा वाटतो, एवढेच. शिवाय काही वर्षांत तो रंग जांभळा पडतो. जुन्या मोटारींवर वांग्याच्या सालीसारख्या दिसणाऱ्या काचा वाचकांनी पाहिल्या असतीलच. धातूचा सूक्ष्म थर असलेली फिल्म ऊन परतविते, पण मोबाइलच्या आणि जीपीएसच्या लहरींनाही अडथळा करते. सिरॅमिक म्हणून विकली जाणारी तिसरी जात स्वच्छ दिसूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग रोखते. ती महाग असते.

अतिनील किरणांचा हिशेब आणखी निराळा. समोरची काच दोन पापुद्र्यांची, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घालून जोडलेली. तो थर अतिनील किरण जवळजवळ सर्व गिळतो. दारांच्या काचा बहुधा एकेरी असतात. त्या अतिनीलातील ‘बी’ जातीस थोपवितात, पण ‘ए’ जातीचा बराच भाग आत सोडतात. अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एका एकोणसत्तर वर्षांच्या गृहस्थांचे छायाचित्र छापले गेले होते. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालविलेल्या त्या गृहस्थांच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडची, म्हणून सुरकुत्यांनी जाडभरडी झालेली, आणि उजवी बाजू पुष्कळच तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा हे दान आपल्या उजव्या गालास मिळावयाचे. वहिनींना भय होते ते याच ‘ए’ जातीचे, आणि ते अडविण्यास काळेपणाची मुळीच गरज नसते. पाण्यासारखी स्वच्छ फिल्मही नव्याण्णव टक्के अतिनील किरण रोखू शकते.

आता कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाने पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. तरीही रस्तोरस्ती कोळशासारख्या काचा फिरत होत्या. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नियम काच कशी घडवावी याविषयी बोलतो. तिच्यावर मागाहून फिल्म चिकटविण्याची मुभा तो देत नाही, मग ती फिल्म कितीही टक्क्यांची असो. काळ्या काचांआड घडणारे गुन्हे न्यायालयापुढे मांडले गेले होते. पुढे नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला स्थान मिळाले, आणि भारतीय मानकात आतल्या बाजूस प्लॅस्टिकचा थर असलेली काचही तीत बसते. त्याच आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले, की ७० आणि ५० चे माप सांभाळणारी, मानकानुसारची फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. पण केरळचा निर्णय सेंधव्याच्या चौकात उभ्या असलेल्या शिपायास बांधील नाही, आणि २०१२ चा निकाल त्यास तोंडपाठ आहे. फिल्म लावणाऱ्याने ही जोखीम ओळखूनच ती लावावी.

२०१२ चा निकाल आम्हास तेव्हाही पटला होता. ग्वाल्हेरच्या मानमंदिरातील दगडी जाळ्यांची आठवण आमचे काही मित्र या संदर्भात काढतात. आत अंधार, बाहेर उजेड, त्यामुळे आतल्यास बाहेरचे दिसावे आणि बाहेरच्यास आतले दिसू नये, हीच काळ्या काचेची युक्ती. खरे आहे. पण राणीवसा रस्त्यावरून ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावत नसे. रस्त्यावर मोटारीतील माणसाची मान कोणीकडे वळली आहे, त्याने आपणास पाहिले की नाही, हे सायकलस्वारास काचेतूनच कळते. आणि रात्री ती युक्ती उलटते. आतल्या चालकास बाजूच्या काळ्या काचेतून आरशात काही म्हणता काही दिसत नाही.

बाजारात मात्र ‘भिया, डार्क में लेना है या लाइट में?’ हाच पहिला प्रश्न. दुकानदार हसतमुख. त्याने एक तापविणारा दिवा लावला, त्यापुढे फिल्म लावलेली काच धरली आणि आमचा हात मागे ठेवविला. ऊब लागेना. ‘अवरक्त नव्व्याण्णव टक्के बंद!’ हा प्रयोग डोळे दिपविणारा असला, तरी तो अपुरा आहे. अनेकदा हा आकडा अवरक्त किरणांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात मोजलेला असतो, आणि दिव्याची जात सूर्याच्या जातीची नव्हे. विचारावयाचे ते असे, की एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते? हा आकडा नेहमीच पुष्कळ लहान असतो, आणि छापील पत्रकात तो सर्वांत बारीक अक्षरांत असतो. तो विचारताच दुकानदाराने आतून दुसरी, बरी गुंडाळी आणविली.

दादांचे मन अजून काळ्याकडे ओढत होते. गडद काचेत घराची सावली असते, वहिनींना निवांत झोप लागेल, असे त्यांचे म्हणणे. वहिनी बाकावर बसून सारे ऐकत होत्या. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पेटीत घालूनच मला माहेरी न्यायचे असेल, तर रात्रच बरी की. तीन वर्षांत मी नर्मदा पाहिलेली नाही. पुलावरून गेल्याचा आवाज तेवढा ऐकते.’’

त्यावर दादा काही बोलले नाहीत. त्यांनी काच मोजण्याचा मीटर मागितला.

हा मीटर प्रत्येकाने मागावा. कारखान्यातून आलेली काच आपणांस पांढरी वाटते, पण ती किंचित हिरवट असते आणि मुळातच शंभर टक्के प्रकाश सोडीत नाही. आमच्या दारांच्या काचा ७६ निघाल्या, पुढची-मागची ७४. येथे बेरीज-वजाबाकी नव्हे, गुणाकार चालतो. ७६ च्या काचेवर ५० ची फिल्म लावली, तर आरपार जातो ३८ टक्के प्रकाश; म्हणजे फिल्मवर ‘५०’ छापलेले असूनही नियम मोडला. ७० ची लावली तर ५३, म्हणजे जेमतेम आत. पुढच्या आणि मागच्या काचेवर ९० टक्क्यांची अगदी निर्मळ फिल्म लावली, तरी माप सदुसष्टच्याही खाली येते. तेथे हात न लावणेच योग्य. आम्ही चार दारांच्या काचांस ७० ची स्वच्छ फिल्म घेतली आणि मानकाचे प्रमाणपत्र व मीटरच्या आकड्यांसह पावती लिहून घेतली. एक पोरसवदा कारागीर साबणाचे पाणी फवारून, रबरी पट्टीने बुडबुडे कडेला सारीत, दोन-अडीच तास ते काम करीत होता. त्याच्या पात्याने काचेवर एक चरा उमटला नाही. निघताना त्याने बजावले, की चार दिवस काचा खाली करू नका. तो मंगळवार होता. आम्ही शुक्रवारी निघालो.

जागांचा विचारही आधी करून ठेवावा, तो फुकट असतो. इंदुराहून धुळ्याचा रस्ता दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे झुकत जातो. सकाळी निघाल्यास ऊन डावीकडून व मागून येते. परत येताना संध्याकाळचा सूर्य पश्चिमेस, आणि पश्चिमही तेव्हा डावीकडेच. म्हणून जाता-येता दोन्ही वेळा उजवी बाजू वहिनींची. भर दुपारी मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दारांच्या काचांवर तो फारसा येत नाही. तो उतरत्या पुढच्या काचेतून मांडीवर येऊन बसतो. मागच्या काचेवर फिल्म नव्हती. तेथे वहिनींचा पदर, पूर्ण बाह्या आणि वैद्यांनी दिलेला लेप यांनीच भागविले. फिल्म लावली म्हणून यांतले काही सुटत नाही.

सहाला निघालो. घाटाच्या वळणांवर सागाची निष्पर्ण रांग आणि खाली धुरकट निमाड. धामनोद गेले, आणि खलघाटचा पूल आला. दादांनी वेग कमी केला. मेच्या अखेरची नर्मदा, पण पात्रात पाणी भरपूर, सकाळच्या उन्हात कथिलासारखे. वहिनींनी पर्समधून नाणे काढले, काच खाली करण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. नाणे त्यांनी मुठीतच ठेवले, परतीसाठी. काचेतून त्या पाहत राहिल्या. फिल्मचा रंग पाण्यास लागलेला नव्हता, एवढे आम्ही मुद्दाम पाहून घेतले.

ठिकरी, जुलवानिया मागे पडली. काळ्या जमिनीत ओलिताच्या कपाशीची पेरणी चाललेली, डोक्यावर ओले गमछे. वातानुकूलन मध्यम वेगावर होते आणि ते पुरत होते. गतवर्षी याच मोटारीत सकाळी नऊलाच ते पूर्ण वेगाने ओरडत असे. सेंधव्याजवळ वाहतूक शिपायाने हात केला. काच खाली करा, अशी खूण. दादांनी दारच उघडले आणि कारण सांगितले. शिपाई हसला. फिल्म? मग दंड. दादांनी पावती पुढे केली. त्याने ती वाचली न वाचली, मागच्या दाराशी गेला, काचेस नाक लावून पाहिले. आत वहिनी आणि त्यांच्या मांडीवर लग्नाच्या आहेराचा डबा. ‘‘सब तो दिख रहा है,’’ असे स्वतःशीच म्हणत त्याने आम्हास जाऊ दिले. दुसरा कोणी असता, तर चालान फाडले असते, आणि त्याचाही पक्ष अगदीच खोटा म्हणता आला नसता.

बिजासनी मातेला गाडीतूनच हात जोडून घाट उतरलो. पाट्या मराठी झाल्या. सावळद्याजवळ तापी ओलांडली तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता, आणि वहिनी शिरपूरच्या केळीच्या बागा कशा वाढल्या आहेत, याविषयी दादांशी वाद घालीत होत्या.

धुळ्याच्या क्रमांकाच्या गल्ल्यांत मोटार शिरली तेव्हा साडेअकरा वाजले होते. वहिनींचे वडील ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मोटार थांबताच ते काठी टेकीत उतरले, आणि दादा दार उघडण्यास वळसा घालून येत होते तेवढ्यात मागच्या खिडकीशी आले. वाकून त्यांनी आत पाहिले. वहिनींनी आतून काचेवर तळवा ठेवला. चौथा दिवस भरावयाचा होता, म्हणून काच खाली झाली नाही. म्हाताऱ्यांनी बाहेरून त्याच जागी हात टेकला आणि म्हणाले, ‘‘बारीक झालीस ग.’’