कर्जाची मुदतवाढ आणि जामीनदार

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या,’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. मात्र सही केलेल्या कराराबाहेर तो बांधलेला नसतो. त्याच्या संमतीवाचून धनकोने कर्जदाराला मुदतवाढ देण्याचे कबूल केले, तर कलम 135 प्रमाणे जामीनदार मोकळा होतो. कर्ज थकताच ते फेडून कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याचा हक्क अशा कराराने अडतो, हे त्यामागचे कारण.

नुसती सबुरी म्हणजे मुदतवाढ नव्हे. धनकोने तगादा लावला नाही किंवा दावा उशिरा केला, एवढ्याने कलम 137 नुसार जामीनदार सुटत नाही.

लोहारा तालुक्यातील बरीच शेती पावसावर चालते. सोयाबीन हातचे गेले की हप्ते थकतात आणि मुदतवाढीचे अर्ज येऊ लागतात. प्रस्तुत लेखक लोहाऱ्यातील एका पतसंस्थेत शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन होता. शेजाऱ्याने मुदतवाढ मागितल्यावर संस्थेने लेखकापुढे छापील संमतीपत्र ठेवले. त्यात थकबाकीची रक्कम, व्याजदर आणि शेवटच्या हप्त्याची तारीख या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. लेखकाने मूळ जामीनपत्र मागवून वाचले. कर्जदाराला वेळोवेळी मुदत देण्यास जामीनदाराची आगाऊ संमती आहे, असे कलम त्यात बारीक अक्षरांत होतेच. अशी अट असली की कलम 135 चा आधार बहुधा उरत नाही. लेखकाने कोऱ्या जागा भरून घेतल्या, आकडे कर्जखात्याच्या उताऱ्याशी ताडले, मगच सही केली आणि प्रत घेतली.

सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खालील वसुली दाखल्यात कर्जदारासोबत जामीनदाराचेही नाव येते. रक्कम भरावी लागलीच, तर ती कर्जदाराकडून परत मिळवण्याचा हक्क करार अधिनियमाचे कलम 145 देते. पण त्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

म्हणून जामीन राहताना बाँडची प्रत घ्यावी, मुदतवाढीचे कलम शोधून वाचावे आणि कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नये. मुदतवाढ मान्य नसेल, तर तशी हरकत लेखी देऊन पोच घ्यावी.